वहीतले नाव, जहाजावरचे नाव

आमच्या खानदेशात साठी ओलांडलेल्या माणसाला जन्मतारीख विचारावी, तर पुष्कळदा उत्तर येते : १ जून. जणू गावोगावच्या बायांनी संगनमत करून एकाच दिवशी पोरे जन्माला घातली! खरी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. बाप पोराला शाळेत घेऊन गेला. 'कापूस वेचणीच्या दिवसांत झाला' एवढेच त्याला आठवत होते, आणि गुरुजींना पटावर तारीख हवी होती. गुरुजींनी ती दिली. पुढे नोकरी लागली ती त्या तारखेने, आणि सुटली तीही तिच्याच हिशेबाने.

सोमाली लोकांच्या हकिगतीत हीच गंमत आढळली तेव्हा मला नवल वाटले. १९९१ साली त्यांच्या देशात यादवी भडकली आणि माणसे केनियापासून इंग्लंड-अमेरिकेपर्यंत पांगली. परक्या कचेऱ्यांतून त्यांतल्या कित्येकांच्या नावापुढे १ जानेवारी लागली. आडनाव त्यांच्यांत नसतेच. आपले नाव, मग बापाचे, मग आजोबाचे. कारकुनाने आजोबालाच आडनाव करून टाकले. आणि हे लोक कोण? तर लेकरांकडून बाप, आजा, पणजा अशी पिढ्यान्‌पिढ्यांची नावे तोंडपाठ करवून घेणारे! 'अबतिरसी' म्हणतात तिला. त्यांच्या भाषेला सरकारी लिपी मिळाली ती १९७२ साली. तोवर वंशावळ जिभेवरच नांदत होती. आता त्यांचे नातू परमुलखाच्या दप्तरांतून आजोबा शोधतात.

आपल्या माणसांत असा शोध घ्यावा लागतो तो मॉरिशसच्या मराठी कुटुंबांना. तेथली गुलामगिरी १८३५ साली संपली, आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजीच कलकत्त्याहून 'ॲटलस' जहाज मजुरांची पहिली तुकडी घेऊन पोर्ट लुईला लागले होते. पुढे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली, आणि त्यांत कोकणातली व घाटावरची मराठी माणसे गेली. उतरल्यावर प्रत्येकाला आकडा मिळे. नाव, वय, जात, उंची, गाव, अंगावरचा व्रण, सारे नोंदले जाई. रामा उतरला की 'रामा' हेच त्याच्या नातवंडांचे आडनाव होऊन बसे. आज ही दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत.

त्यांत तसबिरीही आहेत. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुराला तसबीर लावलेले तिकीट जवळ बाळगणे भाग पडले. ते नसेल तर पोलीस भटक्या म्हणून धरीत. ते चेहरे पाहावेत! एकाच्याही ओठावर हसू नाही. पकडायला सोपे जावे म्हणून काढलेली ही तसबीर आज पणतवाच्या घरात भिंतीवर लागते, तिला हार पडतो. येथे मी थबकतो. ज्या कागदाने माणसाला बांधले, त्या कागदाचे उपकार मानायचे काय?

'मानू नयेत' असे चटकन् म्हणावेसे वाटते. परंतु जे गेले नाहीत, त्यांचे काय झाले तेही पाहिले पाहिजे. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात मी कधीमधी जातो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जन्मभर दारोदार हिंडून दप्तरे मिळवली. १९२६ साली ते धुळ्यासच वारले, आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभे राहिले. पण कागद असतो वतनदाराचा, सावकाराचा, भांडणाऱ्या भाऊबंदांचा. दुसऱ्याच्या रानात निंदणी करणाऱ्याने कोणता कागद मागे ठेवावा?

आमच्या घराण्याचे पान नाशिकच्या उपाध्यांच्या वहीत आहे. पुरुषांच्या सात पिढ्या सरळ उतरल्या आहेत. पणजीच्या जागी मात्र सासरचे नाव, ताटातल्या तांदळांत अंगठीने कोरलेले. त्याआधी ती कोण होती? धुळ्याच्या आत्याला विचारले, तर ती म्हणाली, "अरे, तिला सगळे माहेरच्या गावानेच ओळखत. नाव कोण विचारतो?" मुंबईच्या धक्क्यावरून गेलेल्या मजूरणीला मात्र स्वतंत्र आकडा होता, आणि त्या आकड्यासमोर तिचे स्वतःचे नाव. घरच्यांनी जे विचारले नाही, ते मळेवाल्यांच्या कारकुनाने विचारले. माणुसकीने नव्हे, हिशेबासाठी, पण विचारले. उपकार मानायचेच तर मी तिचे मानीन. खिडकीपुढे उभी राहून नाव उच्चारले ते तिने.

आणि ते नाव खोटे असेल तर? पुष्कळांनी धक्क्यावर जात बदलली, नाव बदलले. सासर सोडून पळालेली एखादी विधवा शेजारच्या अनोळखी पुरुषाला नवरा म्हणून सांगे आणि मग जन्मभर त्याच्याशीच संसार करी. साहेबाशी खोटे बोलण्याचा तिला पुरता हक्क होता, याविषयी मला शंका नाही. परंतु ते खोटे साहेबासाठी होते, पणतवासाठी नव्हे. त्याने खरे शोधले तर तिचा विश्वासघात होतो, हे मला पटत नाही.

तरीही एक अडचण उरते. तो तसबीर घेऊन तिच्या गावी आला, आणि पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारले, 'ही कोणाची कोण?', तर त्याने किती सांगावे? मला वाटते, गावची विहीर पाहावी, मूठभर माती घ्यावी, आणि ज्या घरातून ती पळाली त्या घराचा पत्ता विचारू नये. हे मी जळगावात बसून सांगतो आहे खरे. तसबीर माझ्या हातात असती, तर त्या दारापर्यंत कदाचित मीही गेलो असतो.