आपल्याच मालाची होळी

मालाची होळी म्हटली की पुणेकराला १९०५ आठवते, विलायती कापडाचा पेटलेला ढीग आठवतो. दुसऱ्याच्या मालाला काडी लावायला त्वेष पुरतो. मार्च १९९५मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमी इथे सॅमसंगने पेटवलेला ढीग स्वतःच्याच मालाचा होता. अध्यक्ष ली कुन-ही यांनी भेटीदाखल वाटलेले फोन बिघडके निघाले, हे त्यांच्या कानावर आले. मग फोन, फॅक्स यंत्रे असे सुमारे दीड लाख नग कारखान्याच्या आवारात रचले गेले. दोन हजार कामगारांसमोर त्यांच्यावर घण पडले आणि मग आग लागली. पाहणाऱ्यांपैकी काहींना रडू आवरेना. त्याआधी १९९३ साली ली यांनी फ्रँकफुर्टमध्ये अधिकाऱ्यांना बजावले होते, बायकामुले सोडून सगळे बदला. (बायकामुलांना कोणी विचारले होते की नाही, कोण जाणे.)

कोरियन उद्योगांच्या जागतिक भरारीची कारणे अर्थशास्त्री देतात : सरकारी पतपुरवठा, निर्यातीची सक्ती, घराण्यांच्या हाती एकवटलेले भांडवल. ती खरीच आहेत. पण मला त्यामागे लाज दिसते, जाणूनबुजून चारचौघांत मांडलेली. पोहांगचा पोलाद कारखाना १९६८मध्ये स्थापन झाला आणि त्यात जपानकडून त्याच्या राजवटीतल्या गुलामगिरीच्या हिशेबापोटी आलेला पैसा ओतला गेला. कारखान्याचे प्रमुख पार्क ते-जून कामगारांना सांगत, हे पूर्वजांच्या रक्ताचे मोल आहे. ते वाया गेले तर उजवीकडे वळून समुद्रात उड्या घ्यायच्या. आपल्याकडे याला पितृऋण म्हटले असते, पण ते फेडायला श्राद्ध पुरते. पार्क यांनी १९७७मध्ये ऐंशी टक्के झालेले काँक्रीटचे बांधकाम सदोष दिसताच सुरुंग लावून उडवले.

ह्युंदाईची एक्सेल १९८६मध्ये अमेरिकेत स्वस्त म्हणून धडाक्याने खपली आणि पुढे तिथल्या विनोदवीरांच्या तावडीत सापडली. कंपनीने १९९८मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सवर दहा वर्षांची, एक लाख मैलांची हमी जाहीर केली. हसणाऱ्याच्याच हाती दंडाची पावती दिली म्हणा ना.

तरी गुमीच्या आगीबद्दल लिहिताना दुसरी आग आठवल्यावाचून राहत नाही. गुमीपासून फार दूर नसलेल्या देगूत जन्मलेला चोन ते-इल सोलच्या प्योंगह्वा बाजारात शिंपीकाम करी. बुटक्या माळ्यांवर धुळीत वाकून शिवणाऱ्या कोवळ्या मुलींसाठी तो कामगार कायद्याची अंमलबजावणी मागत होता. कोणी दाद दिली नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्याने स्वतःला पेटवून घेतले. वय बावीस. तो बाजार बड्या घराण्यांचा नव्हता, हे कबूल. भरारीची घाई मात्र तीच होती. सदोष फोन जाळणाऱ्यांच्या देशात सदोष कामाचे तास कोणी जाळले नव्हते. प्योंगह्वा म्हणजे शांती.

छोंग्येछोन ओढ्यावरच्या पुलावर आता त्याचा कमरेपर्यंतचा ब्राँझचा पुतळा आहे. शेजारच्या बाजारात अजून कपडे विकले जातात.