शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?

कॅज्युअल्टीत अर्धांगवायूचा रुग्ण आला की पहिला प्रश्न ठरलेला, "यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?"

मी रेसिडेंट असताना एका पहाटे एक काकू नवऱ्याला घेऊन आल्या. रात्री १० वाजता जेवून झोपले, साडेपाचला उठवायला गेल्या तर तोंड वाकडं, उजवा हात लुळा. सीटीत रक्तस्राव नव्हता, म्हणून मी "नॉर्मल" म्हणून मोकळा झालो. सरांनी तीच फिल्म उजेडावर धरून मेंदूतल्या डाव्या इन्सुला या भागावर बोट ठेवलं. तिथली करडी किनार पुसट झाली होती, रक्तपुरवठा तुटल्याची खूण. मी फक्त रक्त शोधत होतो. जे नाहीसं होत होतं, ते मला दिसलंच नव्हतं.

तरीही गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं नाही. १९९५च्या अमेरिकन अभ्यासानं त्याला ३ तासांची मुदत आखून दिली होती, आणि झोपेत झटका आला की घड्याळ झोपल्या वेळेपासून धरायचं. काकू विचारत राहिल्या, "चारला मी पाण्याला उठले होते. तेव्हाच हाक मारली असती तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढची सगळी वर्षं मी त्या किनारीच्याच मागे आहे. कॅलगरीच्या डॉक्टरांनी २००० साली मेंदूतल्या मधल्या धमनीच्या प्रदेशाचे १० भाग पाडून सीटीला गुण द्यायची पद्धत काढली; इन्सुला त्यातलाच एक. मी आणि एक सहकारी जुन्या सीटी एकमेकांना न विचारता वाचतो, गुण देतो, मग ताडून पाहतो. मला पुसट वाटलेली किनार सहकाऱ्याला शाबूत वाटते. या कामाचा बराचसा वेळ अशा मतभेदांतच जातो, आणि तो वाया जातो असं मला वाटत नाही.

एमआरआयनं मात्र वेळेचा प्रश्नच फिरवला. रक्तपुरवठा तुटला की डिफ्यूजनच्या चित्रात काही मिनिटांतच तो भाग उजळतो. फ्लेअर या दुसऱ्या चित्रात तो उमटायला काही तास लागतात. पहिल्यात डाग आहे, दुसऱ्यात नाही, म्हणजे झटक्याला बहुधा साडेचार तास (इंजेक्शनची मुदत पुढे तेवढी वाढली) उलटलेले नाहीत. २०१८ साली युरोपातल्या 'वेक-अप' चाचणीत असे ५०३ रुग्ण निवडून गुठळी विरघळवणारं औषध तपासलं. ३ महिन्यांनी औषध मिळालेल्यांतले ५३ टक्के जवळपास पूर्ववत झाले होते, न मिळालेल्यांतले ४२. मेंदूत रक्तस्राव औषधाच्या गटात अधिक झाला. नातेवाइकांना तेही सांगावं लागतं.

पहिला प्रश्न आजही तोच विचारतो. "माहीत नाही हो, सकाळी बघतो तर..." असं उत्तर आलं, की ट्रॉली एमआरआयकडे वळते. समोर दोन चित्रं येतात, आणि मी आधी फ्लेअर बघतो.