खोललेलं इंजिन

मारुती ८०० चं इंजिन प्रत्यक्षात ७९६ सीसीचं असतं. हे मला कळलं, बाबांची गाडी विकायला काढली तेव्हा.

शिरवळच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असायची. साताऱ्याला जाताना खंबाटकी चढली की मागे निळा धूर. सगळे म्हणाले, इंजिनचं काम करून विक, चार पैसे जास्त येतील. माझ्याकडे होते १२ हजार. मोबाइलवर व्हिडिओ बघत, बोल्ट डब्यांत नावं टाकून ठेवत मी इंजिन खोललं. बेत साधा होता: रिंगा, बेअरिंग, गॅस्केट बदलायचे, बस.

लेथवाल्या मिस्त्रींनी सिलेंडरमध्ये बोअर गेज फिरवला. "ओव्हल झालाय. नुसत्या रिंगांनी धूर थांबेल, पण फार दिवस नाही."

कनेक्टिंग रॉड तिरका होताना पिस्टनला बाजूला दाबतो, म्हणून सिलेंडर दोन बाजूंनी जास्त झिजतो. गोल रिंग लांबट भोकात सगळीकडे टेकत नाही. फटीतून ऑइल वर जातं आणि जळतं. खरा इलाज म्हणजे ६८.५ मिलिमीटरचा बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवून तीन नवे ओव्हरसाइज पिस्टन बसवणं. तेवढे पैसे नव्हते. मी रिंगाच टाकल्या. पहिल्यांदा इंजिन धरलं तेव्हा शेडमध्ये एकटाच नाचलो. धूर गायब!

आठवड्याने एमआयडीसीत कामाला जाणारा एक मुलगा गाडी बघायला आला. सायलेन्सरमागे हात धरून म्हणाला, "इंजिनचं काम झालंय ना?"

"हो" हे उत्तर खोटं नव्हतं. तिथेच मी अडकलो.

हा पेच दोन हजार वर्षं जुना आहे. रोमच्या सिसेरोने इ.स.पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यावरच्या ग्रंथात दोन तत्त्वज्ञांचा वाद मांडलाय. घरातला दोष फक्त विकणाऱ्याला माहीत आहे; त्याने तो सांगावा का? डायोजिनीस म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. सिसेरोचा कौल सांगण्याकडे.

मला मात्र वेगळंच टोचत होतं. इंजिन न खोलता, धुरासकट विकलं असतं, तर मी निर्धास्त असतो. धूर त्यालाही दिसला असता आणि आतलं मलाही माहीत नसतं. मी शिकलो, आणि "मला काय माहीत" म्हणायचा हक्क गमावला. वर माझ्या अर्धवट कामाने दोष दुरुस्त झाला नाही, फक्त दिसेनासा झाला. म्हणजे मी नुसता गप्प नव्हतो. खूण मीच पुसली होती.

मी सांगितलं. "रिंगा नव्या आहेत, बोअर केलेला नाही." त्याला बोअर म्हणजे काय ते कळेना, म्हणून जुनी रिंग हातात देऊन समजावलं. त्याने ९ हजार कमी केले आणि गाडी नेली. घरी मला वेड्यात काढलं.

ते ९ हजार मला सलत नाहीत. सलतं ते एवढंच: त्याने विचारलंच नसतं, तर मी आपणहून बोललो असतो का?