भीतीला शपथ पुरत नाही



गंगाखेडच्या एका घरची मंडळी आपल्या तरुण मुलाला घेऊन आमच्याकडे आली. “फादर, ह्याला वेदीसमोर दारू सोडायची शपथ घ्यायला लावा.” आम्ही लावली. तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, झोप उडाली, आणि शपथ मोडली. पुढे ओसरीवर बसून तो म्हणाला, “चार माणसांत जायचं म्हटलं की छाती धडधडते, फादर. घोट घेतला की थांबते.” हे आम्ही आधी विचारलेच नव्हते. चूक आमची होती.

असा माणूस दोषी की आजारी? ख्रिस्तसभेची शिकवण अशी, की भीती आणि जडलेली सवय यांमुळे कृत्याचा दोष कमी होतो, कधी पुसलाही जातो. पण दोष कमी झाला म्हणून कर्तव्य संपत नाही. घरी लेकरे उपाशी असतातच. एकट्याच्या बळावर व्यसन सोडणे त्याला जमत नसेल. मदत मागणे मात्र त्याच्या हाती आहे. आणि त्याने मागितल्यावर ती देणे, हे आपले कर्तव्य.

दारू मनाला काही तास शांत करते. उतरली की तीच भीती अधिक जोराने परतते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. पुष्कळांची भीती त्यानंतर काही आठवड्यांत ओसरते. ज्यांची उरते, त्यांच्या व्यसनावर आणि भीतीवर एकत्रच उपचार हवेत: समुपदेशन आणि गरजेप्रमाणे औषध. झोपेच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नयेत. त्यांचीही सवय लागते, आणि दारूबरोबर त्या घातक ठरतात.

स्वतः व्यसनातून बाहेर आलेले फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केले. तेथे व्यसनी माणसाला शपथेवर सोडून दिले जात नाही. समूहाचा आधार आणि योग यांची जोड दिली जाते. १९८६ पासून पुण्यात ‘मुक्तांगण’ही हेच काम करीत आहे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत आणि मराठीतून बोलता येते.

गेथशेमाने बागेत प्रभू येशूही व्याकूळ झाला. भीती हे पाप नव्हे. त्या रात्री त्याने शिष्यांना सोबत जागायला सांगितले, आणि शिष्य झोपी गेले. आपल्या शेजारच्या घरात कोणी असा घाबरलेला असेल, तर आपण तरी जागे राहू या.

आपला,
धर्मगुरू