निवेदनाचा वाचक

एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर बाजू घेऊन, कारणे आणि पुरावे मांडून, निर्णय घेणाऱ्याला पटवण्यासाठी लिहिलेला कागद म्हणजे निवेदन. नांदेड–हिंगोली रस्ता आणि नागपूर–तुळजापूर महामार्ग जिथे मिळतात, त्या वारंगा फाट्यासारख्या ठिकाणी मात्र हा शब्द आता आंदोलनाच्या आदल्या दिवसाचा सोपस्कार झाला आहे. कागदाची ठेवण ठरलेली असते. ‘प्रति, मा. तहसीलदार साहेब, कळमनुरी’, खाली विषय, मग ‘सविनय सादर करण्यात येते की’, तीन ओळींत मागणी आणि शेवटी ‘अन्यथा वारंगा फाटा येथे रास्ता रोको करण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील’. एक प्रत आखाडा बाळापूर पोलीस ठाण्याला जाते. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घेतली जाते, आणि साहेबांच्या हाती कागद देतानाचा फोटो कागदाआधी गावात पोहोचतो. मागणीत सोयाबीनच्या भावाच्या जागी रस्त्यावरचे खड्डे किंवा थकलेला पीकविमा घातला, तरी बाकीचा मजकूर जसाच्या तसा चालतो. कोणाचे किती नुकसान झाले, कोणता नियम मोडला गेला, काय केले म्हणजे प्रश्न सुटेल, यातले काहीही त्यात सापडत नाही. ही नोटीस आहे. नोटिशीलाही लोकशाहीत जागा आहे, पण निवेदनाचे काम तिच्याने होत नाही.

‘निवेदने देऊन कुठे काय होते?’ हा फाट्यावरचा प्रश्न आहे आणि त्यामागे शाळेत शिकलेला इतिहास उभा आहे: मवाळ अर्जविनंत्या करत राहिले, जहाल रस्त्यावर उतरले, मग सरकार हलले. हा इतिहास नेमका महत्त्वाच्या जागी चुकीचा वाचला जातो.

१८५२ च्या बॉम्बे असोसिएशनचा पार्लमेंटकडे गेलेला अर्ज, जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी ही सुरुवात सर्वांना माहीत आहे. खरे वळण १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने दिले. सभेचा सभासद होण्यासाठी किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. स्थापनेच्या वेळचे ९५ सभासद अशा ६,००० लोकांच्या वतीने आले होते. ‘आम्ही समस्त जनतेच्या वतीने’ हे शब्द तेव्हा मोजून वापरले जात. शेतसाऱ्याचा प्रश्न आला, तेव्हा सभेने आधी उपसमिती नेमली, दख्खनच्या जिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि १८७३ मध्ये अहवाल छापला. १८७६–७८ च्या दुष्काळात तिची माणसे गावोगावची स्थिती टिपत होती आणि ते वृत्तांत सरकारकडे जात होते. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांची ही पद्धत होती. तिला भीक म्हणणे हा आळस आहे.

त्याच काळात ही पद्धत पुण्याच्या वकील-पेन्शनरांच्या बैठकीबाहेर पडली. जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेले निवेदन इंग्रजीत आहे, पण त्यावर सही करणारा माणूस स्वतःला व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सभासद म्हणवतो. मुद्दा एका वाक्यात सांगता येतो: कर रयत भरते आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. पण फुले तिथे थांबत नाहीत. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातले असावेत, त्यांचा पगार १२ रुपयांखाली नसावा, इतक्या बारकाव्याने ते मागणी मांडतात. दोनच वर्षांनी नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार. पूर्ण झाली की नाही हे घड्याळ आणि दिनदर्शिका पाहून कोणालाही सांगता येईल, अशी एकेक मागणी होती.

वाचक घसरतो तो १८९६–९७ पाशी. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाकडे आली, आणि रानडे-गोखल्यांनी वेगळी डेक्कन सभा काढली. इथे अर्जाचे युग संपले आणि चळवळीचे सुरू झाले, असे सांगितले जाते. पण लगेच आलेल्या दुष्काळात टिळकांच्या सभेने काय केले? दगड उचलले नाहीत. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारने दुष्काळात काय करायचे याची संहिता केली होती; मदतीची कामे कधी काढायची, मजुरी कशी ठरवायची, हे सरकारच्याच हाताने लिहिलेले होते. सभेने त्या नियमांचा सारांश मराठीत छापून खेड्यांत वाटला. पीक बुडाले असेल तर सूट आणि तहकुबी मागण्याचा हक्क आहे, हे कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या सभांत समजावले. काहींवर खटले झाले. मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सार्वजनिक धोरणाविषयी सरकारला लिहिण्याचा तिचा अधिकारच संपवला.

पंचवीस वर्षे अर्जांना उत्तरे देणारे सरकार याच वेळी बिथरले, कारण कागदाचा वाचक बदलला. आधीच्या निवेदनात रयतेची स्थिती सरकारला सांगितली जाई. आता सरकारचा नियम रयतेला सांगितला जात होता. पुरावा तोच, संयमही तोच. फक्त ज्याच्या वतीने लिहायचे, त्याच्याच हातात मजकूर गेला. मवाळांची शिस्त जहालांनी टाकली नाही, तिचे टोक फिरवले. टिळकांच्या पुढच्या तुरुंगवासाच्या झगमगाटात ही साधी गोष्ट झाकोळली. आणि ‘बोलून काय होते, अडवले पाहिजे’ हा निष्कर्ष त्यांच्या नावावर खपू लागला.

पुढचा पट्टा भराभर ओलांडता येतो. आंबेडकरांनी १९१९ मध्ये मताधिकाराविषयीच्या साउथबरो समितीपुढे आणि १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगापुढे मांडलेली निवेदने या प्रकाराची शिखरे आहेत. १९४७ चे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ तर सरळ कलमांच्या भाषेत लिहिलेले आहे: मागणी मान्य झाली तर कायदा कसा लिहायचा, तेही सोबत दिलेले. हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि तिथे जाहीर सभेलाच आधी परवानगी लागे.

मराठवाड्यात मोजून मांडण्याची ही रीत राज्यनिर्मितीनंतर, अनुशेषाच्या, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागाच्या थकबाकीच्या, वादात जोमाने परतली. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने ती चालवली. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. ‘आमच्यावर अन्याय झाला’ या वाक्याला आकडा मिळाला आणि राज्यघटनेच्या कलम ३७१(२) चा आधार होताच. त्याच कलमाखाली १९९४ मध्ये विकास मंडळे आली. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, तेव्हा तो आकडा तोंडपाठ असणारे फारसे उरले नव्हते. अनुशेष हा शब्द मात्र भाषणात अजून चालतो, आकड्याविना.

आकडा मात्र आजही गावातच मिळू शकतो. वारंगा फाट्याच्या परिसरात सोयाबीन, कापूस, हळद होते. इथल्या खरीप पिकाची पैसेवारी, म्हणजे पिकाचा पैशांत मांडलेला सरकारी अंदाज, दरवर्षी निघते: नजरअंदाज ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला, अंतिम ३१ डिसेंबरला. ५० पैशांखालचे गाव पूर्वी टंचाईचे धरले जाई. दुष्काळ जाहीर करण्याचे निकष २०१६ च्या केंद्रीय संहितेनंतर बदलले, तरी पैसेवारीचा कागद गावापर्यंत येतोच. पीक कापणीचे प्रयोग ठरलेल्या शेतात, ठरलेल्या मापाच्या चौकटीत होतात, आणि तिथे उभे राहून वजन पाहायला गावकऱ्याला कोणी अडवत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. सार्वजनिक सभेच्या ५० सह्यांच्या मुखत्यारपत्राला याहून सोपा पर्याय आज नाही. ग्रामसभेच्या ठरावाला गट क्रमांकनिहाय नुकसानीचा तक्ता आणि कापणी प्रयोगाचे वजन जोडले, तर तो कागद नुसती पोच देऊन बाजूला ठेवणे तहसीलदाराला अवघड जाते. हरकत घेण्याचे दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे, म्हणजे सोयाबीनच्या काढणी-मळणीचे. त्या धांदलीत ते निघून जातात. फाट्यावर गर्दी जमते ती बहुधा जानेवारीत, अंतिम पैसेवारी लागून गेल्यावर.