नाम विसरलं, मग साधना गेली का?



मागच्या गुरुवारी केशवापूरच्या सत्संगात एका ताईंनी विचारलं, "सासूबाईंनी चाळीस वर्षं रोज माळ ओढली. आता माळ हातात दिली तर 'हे काय?' म्हणतात. गुरुमंत्र पार विसरल्या. गीतेत अंतकाळच्या स्मरणाला एवढं महत्त्व दिलंय. मग त्यांचं पुढं काय?" कुणालाच पटकन उत्तर देता येईना. ही भीती पुष्कळ घरांत आहे, फक्त कुणी बोलून दाखवत नाही.

आधी देहाची बाजू बघू. १९०६ साली अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यात मेंदूतल्या पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो आणि पेशी मरत जातात. नवीन आठवण नोंदवून घेणारा हिप्पोकॅम्पस हा भाग बहुधा लवकर सापडतो. म्हणून सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण माहेरची विहीर आठवते. हे बदल लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून चालू असतात. म्हणजे आज्जी नेमानं जप करत होत्या तेव्हाही आत हे चाललेलं असू शकतं. "नाम घेणाऱ्याला असलं होत नाही" असं आपल्यातले काही जण बोलतात. ते कृपा करून बंद करावं. ऐकणाऱ्या घराला ते फार लागतं.

(जाता जाता एक. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला. घरात मराठी, बाजारात कन्नड अशी आपली रीत, तेव्हा नातवंडांशी दोन्ही बोलत राहा. पण उशिरा म्हणजे कधीच नाही, असं नव्हे.)

आता मूळ प्रश्न. मोतीबिंदूनं मूर्ती अंधुक दिसली तर भक्ती अंधुक झाली असं आपण म्हणत नाही. अर्धांगवायूनं हात जोडता येईना तर नमस्कार बुडाला म्हणत नाही. मग आठवणीलाच वेगळा न्याय का? तीही देहाच्याच आधारानं चालते. गीतेचा आठवा अध्याय नीट वाचा. अंतकाळी जो भाव येतो तो जन्मभर मुरलेलाच असतो, असं सांगून भगवान लगेच 'म्हणून सर्व काळी माझं स्मरण कर' म्हणतात. भर जन्मभरावर आहे, शेवटच्या परीक्षेवर नाही.

त्याहून थेट उत्तर श्रीवैष्णव मंडळी 'वराह चरम श्लोक' म्हणून मानतात त्यात आहे. मन ठीक असताना ज्यानं मला स्मरलं, तो शेवटी लाकडासारखा, दगडासारखा पडून राहिला, तर मीच त्याला स्मरतो आणि पुढं नेतो, असं तिथं देव म्हणतो. आठवण ठेवायचं काम तिथं देवानं आपल्याकडं घेतलंय. मला तरी याहून मोठा आधार दुसरा दिसत नाही.

मग आपण काय करतो? पाहुणा आला की "आज्जी, मंत्र सांगा बघू, मी कोण ओळखा बघू." त्या कावऱ्याबावऱ्या होतात, कधी रडतात. देवानं न घेतलेली परीक्षा आपण रोज घेतो. त्यापेक्षा शेजारी बसून आरती म्हणावी. लहानपणापासून घोकलेली चाल पुष्कळदा फार उशिरापर्यंत टिकते, ओठ हलतात. नाही हलले तरी आपण म्हणत राहावं.

आणि 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य यांनीही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत. धारवाडला डिमहान्स जवळच आहे. ज्येष्ठांसाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन १४५६७, नंबर लिहून ठेवा.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥