कुठं तरी जातंच

बारावीनंतर इंजिनिअरिंगचा अर्ज भरताना पसंतीक्रमाच्या रकान्यात एक हा आकडा कशापुढं घालायचा, हा मार्कांचा प्रश्न आहे असं सगळे धरून चालतात. आमच्या घरात १९८७ च्या जून महिन्यात तो नदीचा प्रश्न झाला, आणि त्याचं उत्तर मला अजून पुरतं सापडलेलं नाही.

त्या वेळी अर्ज म्हणजे कागदांचा भारा असायचा. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, तहसीलचा अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मार्कलिस्ट, आणि या प्रत्येकाच्या झेरॉक्सवर गॅझेटेड ऑफिसरची सही. आमच्या टापूत असा सही देणारा माणूस म्हणजे जनावरांचे डॉक्टर. मी गेलो तेव्हा त्यांचा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या पोटात होता. 'थांब जरा, आधी हिचं बघू' म्हणाले. मग हात धुऊन त्यांनी माझ्या हुशारीच्या अकरा प्रती खऱ्या असल्याचं लिहून दिलं. मला ओळखत नव्हते, तरी दिलं. त्या सह्यांवर माझं पुढलं आयुष्य उभं आहे.

आबांचं म्हणणं होतं, सिव्हिल घे. सिव्हिल म्हणजे पाटबंधारे, बांधकाम खातं, जीप, पेन्शन. मी केमिकल म्हणत होतो. आता गावात 'केमिकल' हा शब्द कसा वापरतात ते सांगायला हवं. दुधाला फेस जास्त आला तर केमिकल. केळी बाहेरून पिवळी आणि आतून कच्ची निघाली तर केमिकल. कुणाचं पोर किडकिडीत राहिलं तर केमिकल खाऊन झालं म्हणायचं. म्हणजे मी जे शिकायला निघालो होतो ती गावाच्या तोंडची शिवी होती.

आजी चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती. तिच्या घागरीत पावसाळ्याचं गढूळ पाणी आलं की ती तुरटीचा खडा फिरवायची, तुरटी नसली तर निवळीची बी सहाणेवर उगाळून घालायची. तिनं एवढंच विचारलं, "तू शिकून पाणी घाण करनाऱ्यांत जानार, का निवळनाऱ्यांत?"

प्रश्न उगीच नव्हता. आमचं गाव पंचगंगेच्या काठचं. उसाचं गाव. नदीनं ऊस दिला, उसानं साखर कारखाना दिला, आणि कारखान्यानं आम्हाला कौलं काढून स्लॅब दिला. आबा सभासद. शाळेची फी, ताईचं लग्न, विहिरीवरची मोटर, सगळं ऊसबिलातून. आणि दर उन्हाळ्यात, पाणी आटलेलं असताना, एखाद्या पहाटे नदी चहासारखी तांबूस व्हायची आणि मासे वर यायचे. पोरं टोपल्या घेऊन पळायची. मेलेले, अर्धमेले मासे लोक आणायचे, काहीजण खायचेही. चारआठ दिवस वास राहायचा. कुणी म्हणायचं वरच्या गावाचं आहे, कुणी म्हणायचं मळीचं आहे. मग पाऊस पडायचा आणि विषय संपायचा.

यात दुष्ट माणूस कुठं शोधायचा? गोष्टीत असतो तसा परका मालक असता तर बरं झालं असतं. मोर्चा काढता आला असता. पण सहकारी कारखान्याचा मालक म्हणजे आबाच. दहा हजार आबा. ज्यानं पाणी घाण केलं आणि ज्यानं ते प्यायलं, त्या दोघांचं नाव एकाच शेअर सर्टिफिकेटवर.

माझं केमिकल खरं तर कारखान्यात सुरू झालं नाही, गुऱ्हाळावर झालं. आमच्याकडचे गुळवे मामा चौथी शिकलेले. पण काहिलीत रस उकळायला लागला की चुन्याची निवळी किती, भेंडीचा चिकट रस कधी घालायचा, मळी वर आली की झाऱ्यानं कशी ओढायची, हे त्यांना नजरेनं कळायचं. शेवटी पाक बोटानं गार पाण्यात टाकून त्याची गोळी होते का बघायचे. पुढं कॉलेजात कळलं की त्या क्षणी पाक एकशे अठराच्या आसपास अंशावर असतो. मामांचं बोट थर्मामीटरपेक्षा फारसं मागं नव्हतं.

त्या काहिलीत एक पांढरी पावडर पडायची. हायड्रोस. कापड रंगवणारे वापरतात ती. ती टाकली की काळपट रस सोन्यासारखा पिवळा होतो, आणि कोल्हापूरच्या पेठेत पिवळ्या गुळाला भाव जास्त. मी मामांना विचारलं, "मामा, हे पोटात गेलं तर?" मामा हसले. "आरं, तुमच्या घरचा रवा मी बिगरपावडरीचाच काढतोय की. त्यो काळा असंल, पर खायाला ब्येस."

हे वाक्य मी आयुष्यभर चघळत आलो आहे. मामा वाईट माणूस नव्हते. आमचं मीठ खायचे, त्या मिठाला जागले. ज्यांना ओळखत होते त्यांना चांगला गूळ दिला, ज्यांना ओळखत नव्हते त्यांना ते मागतात तसला. भाजीवाल्याच्या वावरातही दोन ओळी घरच्या असतात, त्यांवर फवारा मारत नाहीत. शहरातला वाचक इथं कपाळाला आठ्या घालील. पण पिवळा गूळ उचलणारा हात त्याचाच असतो, काळ्या ढेपेकडं तो बघतही नाही. तेव्हा आठ्या वाटून घ्याव्यात. मला खटकतं ते एवढंच, की आपली नीती कुंपणापाशी संपते. घरचं आणि बाजारचं असे दोन हिशोब आपण बिनबोभाट ठेवतो. आणि नदी ही अशी एकच वस्तू आहे की तिचा घरचा रवा वेगळा काढता येत नाही.

कॉलेजातले रसायनाचे सर म्हणाले, "म्हणून तर केमिकल घे. हुशार पोरं आत गेल्याशिवाय आतलं सुधारणार कसं?" त्यांनीच मला सांगितलं की मुंबईला माटुंग्याचं यूडीसीटी १९३३ साली सुरू झालं ते गिरणीधंद्याच्या गरजेतून, आणि नागपूरचं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट १९४२ चं, मँगनीजच्या खाणीवाल्यानं मागं ठेवलेल्या पैशावर उभं राहिलेलं. सरांना त्यातून दात्यांची थोरवी सांगायची होती. मला ऐकताना दुसरंच वाटलं. म्हणजे विद्येचा पैसाही कुठल्या तरी चिमणीतून, कुठल्या तरी खड्ड्यातूनच येतो, माझा ऊसबिलातून येणार तसा. मग स्वच्छ पैशाची वाट बघत बसलेल्यानं शिकूच नये का?

सरांच्या बोलण्यात एक फट होती, ती मला तेव्हाही दिसत होती, कारण भोपाळ ताजं होतं. १९८४ च्या डिसेंबरात, दोन आणि तीन तारखांमधल्या रात्री ते घडलं तेव्हा मी दहावीत होतो. ज्या कारखान्यातून वायू सुटला तिथं सेव्हिन बनत होतं, आणि सेव्हिनची पावडर आमच्या गोठ्याच्या फळीवर डब्यात होती. वांग्यावर मारायला. आम्ही तो डबा बघत रेडिओवर बातम्या ऐकल्या. पुढं शिकताना समजलं की टाकी थंड ठेवणारी यंत्रणा तिथं होती, पण बंद ठेवलेली होती. सुटलेला वायू जाळणारी ज्वाला होती, तिचा पाइप काढलेला होता. म्हणजे ज्ञान नव्हतं असं नाही. ज्ञान विकत आणून, बसवून, मग बंद करून ठेवलं होतं. हुशार माणसं आतच होती.

गावचे एक संचालक घरी आले. चहा झाला. म्हणाले, "केमिकलच करू द्या आबा. चार वर्षांनी आपल्याच कारखान्यात लावून घेऊ." आबांचा विरोध तिथंच ढिला पडला. मला मात्र पोटात गोळा आला. नोकरी मिळाल्यावर मी पाण्याबद्दल बोलू शकलो असतो का? खाल्ल्या मिठाला जागावं हे आम्हाला अंगणात शिकवलेलं. प्यायलेल्या पाण्याला जागावं असं कुणी शिकवलं नव्हतं.

तरी मी केमिकलपुढं एक लिहिलं. त्यात ध्येयबिय फार होतं असं मी सांगणार नाही. गुळवे मामांच्या बोटात जे होतं ते मला वहीत मांडायचं होतं, हे पहिलं कारण. उरलेली कारणं अर्ज गेल्यावर सुचली. माणसाची बरीच कारणं अशीच मागून येतात.

पहिल्या वर्षानंतर जो विषय आला त्याचं नाव मटेरियल बॅलन्स. शाळकरी पोरालाही कळेल असा नियम. जेवढं आत येतं तेवढं बाहेर जातं, नाहीतर आत साठतं. चौथी वाट नाही, तिसरी पण नाही. मास्तरांनी उसाचंच गणित घातलं. एक टन ऊस आत गेला. साखर निघाली शंभर किलोच्या आसपास. चिपाड पावणेतीनशे-तीनशे. मळी चाळीसेक किलो, गाळण्यावरचा प्रेसमड तीस-पस्तीस. बाकीचं? बाकीचं बहुतेक पाणी, कारण उसात सत्तर टक्के पाणीच असतं. मळीपासून दारूभट्टीत अल्कोहोल काढलं तर लिटरमागं दहा-पंधरा लिटर तांबडं पाणी मागं राहतं. ते पाणी नदीत गेलं की त्यातलं सेंद्रिय द्रव्य खायला जंतू तुटून पडतात आणि पाण्यातला सगळा प्राणवायू ओढून घेतात. मासे विषानं मरत नव्हते, गुदमरून मरत होते.

त्या दिवशी वहीत बेरीज जुळली आणि मला गावातले सगळे आवाज आठवले. 'सोडलं असंल कुठं तरी.' 'जातंय कुठं तरी.' आमच्या बोलीत 'कुठं तरी' हे एक मोठं सोयीचं गाव आहे. मास्तरांच्या फळ्यावर त्या गावाला जागा नव्हती. तिथं प्रत्येक बाणाच्या टोकाला नाव लिहावं लागत होतं, आणि एका बाणाच्या टोकाला आमच्या घागरीचं नाव होतं.

सुट्टीत आलो आणि आबांना हे समजावून सांगितलं. आबा फार बोलणारे नव्हते. पण त्या वर्षीच्या वार्षिक सभेत ते उठले आणि पाण्याचं विचारलं. अध्यक्ष चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "करू की. पाणी शुद्ध करायचा प्लांट घालू. त्यापायी टनाला दहा रुपये कमी मिळतील. चालंल का? हात वर करा." मांडवात हजारभर माणूस असेल. आबांनी हात वर केला. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं केला. कुणीतरी मागून ओरडलं, 'ज्यवणाचं काय?' आणि सभा पुढच्या विषयावर गेली.

मी त्या हजार माणसांवर रागावू शकलो नाही. दहा रुपये टनाला म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. माझ्या मेसचं बिल त्या दहा रुपयांतूनच जात होतं. पण अध्यक्षांच्या प्रश्नातली लबाडी मात्र तेव्हाच कळली होती. त्यांनी दहा रुपये खर्चाच्या बाजूला मांडले. वास्तविक तो खर्च आम्ही आधीपासून भरतच होतो. खालच्या गावच्या दवाखान्यात, कोळ्यांच्या रिकाम्या जाळ्यात. फक्त त्याची पावती फाडली जात नव्हती.

गावच्या कारखान्यात मी गेलो नाही. दुसरीकडं, लांबच्या एका कारखान्यात लागलो. तिथं एका रात्रपाळीला पावसाचा जोर बघून वरून निरोप आला की तळं भरलंय, झडप उघडा. मी लेखी द्या म्हणालो. लेखी आलं नाही. मी तळ्याची पातळी लॉगबुकात लिहिली आणि झडप उघडली नाही. दोन महिन्यांनी माझी बदली स्टोअरला झाली, नटबोल्ट मोजायला. हे सांगताना मला मोठेपणा वाटत नाही, कारण त्याच रात्री पाळी बदलल्यावर ती झडप उघडली गेली. उघडणारा हेल्पर रोजंदारीवर होता, त्याला नाही म्हणायची ऐपत नव्हती. माझ्या नकारानं नदीतलं एक लिटर पाणी वाचलं नाही. माझे हात कोरडे राहिले, इतकंच. मग तो नकार कुणासाठी होता? नदीसाठी, का माझ्या झोपेसाठी? झोपेसाठी असेल तर तो गुळवे मामांच्या घरच्या रव्यासारखाच झाला.

पण लॉगबुकातली ती ओळ राहिली. पुढं तपासणीला आलेल्या माणसानं तिच्यावर बोट ठेवून विचारलं, हे पाणी गेलं कुठं? नकारापेक्षा ती ओळ जास्त कामाची ठरली असं मला आता वाटतं. काय झालं त्याचा आकडा तारखेसह लिहून ठेवणं, हे काम केमिकलवाल्याला करता येतं. ते कुणी फारसं मागत नाही.

आता नियम पुष्कळ कडक झालेत. भट्टीचं पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात. नदी तरीही एखाद्या उन्हाळ्यात चहाच्या रंगाची होते आणि शहरांचं सांडपाणी त्यात भर घालतं. लोक आताही म्हणतात, वरनं आलंय.

निवृत्त होऊन गावी आल्यापासून पोरं फॉर्म भरायला माझ्याकडं येतात. झेरॉक्स गेली, गॅझेटेड सही गेली, सगळं मोबाइलवर. परवा गल्लीतली एक मुलगी आली. कॉम्प्युटर वर टाकलं होतं, केमिकल सातव्या नंबरला. म्हणाली, "काका, केमिकल वर घेऊ का? माझं लक्ष लागतं त्यात. पण आई म्हणते, त्या वासात मुलीच्या जातीनं कशाला जायचं."

मी तिला वहीत एक चौकोन काढून दिला. आत जाणारे बाण, बाहेर जाणारे बाण. म्हटलं, तुमच्या गोठ्याचं कर. पेंड किती, पाणी किती, दूध किती, शेण किती, आणि बाकीचं कुठं जातं. संध्याकाळी ती परत आली. चौकोन नीट भरला होता. गोमूत्राच्या बाणापुढं तिनं शेजाऱ्यांच्या बोअरचं नाव लिहिलं होतं आणि त्यापुढं प्रश्नचिन्ह. म्हणाली, "हे आईला दाखवू नका. शेजाऱ्यांशी आत्ताच कुठं बोलणं सुरू झालंय."

पसंतीक्रम बदलायला तिच्याकडं अजून दोन दिवस आहेत.